परदेश म्हणजे फक्त बर्फ नव्हे!

परदेशी शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आपोआप बर्फ पडायला लागतो. सेकंड इयरपासूनच होस्टेलवर जीआरईच्या शब्दांच्या याद्या फिरू लागतात, सीनियरचे फोटो येतात. अंगात जाड जॅकेट, मागे पांढरीशुभ्र झाडं, खाली 'मायनस टेन, यार!' जळगावच्या ४५ डिग्रीत बसून तो फोटो बघताना कोणाला हेवा वाटणार नाही? अमेरिका, जर्मनी, कॅनडा, फार तर ऑस्ट्रेलिया. आपल्या नकाशावर परदेश तिथंच संपतो. जिथं आपल्यासारखंच ऊन, आपल्यासारखाच पावसाळा आणि आपल्यासारखीच केळी, अशा देशात शिकायला जायचं म्हटलं तर मित्र विचारतात, "भो, घाम तर इथं पण येतो ना, मग पैसे घालून तिकडे कशाला?"

मित्रांनो, हा लेख त्या 'कशाला'चं उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. एका सेमिस्टरसाठी मी सध्या थायलंडमध्ये आहे. बँकॉकच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर, पथुम थानी प्रांतात एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. सगळे तिला एआयटी म्हणतात. १९५९ मध्ये 'सीटो' करारातल्या देशांनी अभियांत्रिकीचं पदव्युत्तर विद्यालय म्हणून ती सुरू केली, १९६७ मध्ये ती स्वतंत्र झाली आणि १९८९ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथं नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार, व्हिएतनामची मुलं आहेत. येऊन पाचच आठवडे झालेत, त्यामुळे ही मतं कच्ची आहेत हे आधीच सांगतो. पण कच्च्या केळीचे पण वेफर्स होतातच की!

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकतो. 'बँकॉकला शिकायला चाललो' म्हटल्यावर आपल्याकडे समोरचा माणूस जे गालातल्या गालात हसतो ना, ते मी गावातल्या पारापासून बँकेच्या काउंटरपर्यंत सगळीकडे पाहिलं. आईला तर शेजारणींना 'कॉलेजकडून चालला आहे' असं दोनदा सांगावं लागलं. साक्री तालुक्यातल्या माझ्या आजीचा प्रश्न मात्र सरळ होता, "तठे तू काय खाशी रे भाऊ?" सगळ्यांत शहाणा प्रश्न तोच होता. (उत्तर : भात, भात आणि भात. कळण्याच्या भाकरीची आठवण रोज येते.) एखाद्या देशाबद्दल आपल्याला फक्त एक विनोद माहीत असावा, हे त्या देशापेक्षा आपल्याबद्दलच जास्त सांगतं.

आता पहिला धडा. तो वर्गात नाही, खोलीत मिळाला. इथलं तापमान बघून मी हसलो होतो. ३३ डिग्री? आमच्याकडे मे महिन्यात ४३ ला लोक लग्नाच्या वरातीत नाचतात! पण दोन दिवसांत हसू पळालं. आपल्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला की खोली गार होते, कारण हवा कोरडी असते आणि पाणी झपाट्याने उडतं. ४३ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान, ज्याला आपण वेट बल्ब म्हणतो, २३ च्या आसपास येतं. म्हणजे कूलरला खाली उतरायला २० डिग्रीची जागा आहे. इथं ३३ डिग्री आणि ७५ टक्के आर्द्रतेला तोच आकडा २९ च्या आसपास. जागा फक्त चार डिग्रीची! इथं कूलर लावला तर खोलीचं बाथरूम होईल. हे सगळं आपण सायक्रोमेट्रिक चार्टवर पेन्सिलने रेघा मारून शिकलो, व्हायवात उत्तर दिलं आणि विसरलो. अंगावर घाम वाळेना तेव्हा तो चार्ट मला खऱ्या अर्थाने समजला.

कर्कवृत्त आपल्या डोक्यावरून, उज्जैन-भोपाळच्या बाजूने जातं. जळगाव-धुळे २१ अंशांवर, म्हणजे आपण पक्के उष्ण कटिबंधातले. तरी आपल्या लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं बघा. उदाहरणं कुठली? थंड देशातली. बारमाही वाहणाऱ्या नद्या, वर्षभर सारखा पडणारा पाऊस, घर गरम ठेवायचे हिशेब. आपली पांझरा मात्र पावसाळ्यात घाबरवते आणि मार्चमध्ये तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. आपला इंजिनिअर शिकतो एका हवामानात आणि नोकरी करतो दुसऱ्या हवामानात. ही दरी भरायची असेल तर आपल्यासारखंच हवामान असलेल्या, पण त्याच्याशी वेगळ्या पद्धतीने झुंजणाऱ्या देशात जाऊन बघणं हा सरळ मार्ग आहे.

बँकॉकचंच घ्या. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंचीवर, खाली पंधराएक मीटर जाडीची लोण्यासारखी मऊ चिकणमाती. वर्षाचा पाऊस दीड हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे जळगावच्या दुपटीहून जास्त. त्यात कारखान्यांनी आणि शहराने भूजल इतकं उपसलं की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही भागांत जमीन वर्षाला १० सेंटिमीटरहून अधिक खचत होती. ते मोजण्याच्या कामात एआयटीचा मोठा वाटा होता. मग उपशावर कायदा आला, शुल्क आलं आणि खचण्याचा वेग बराच कमी झाला. आपल्याकडे काळी माती फुगते आणि आकसते, घरांच्या भिंतींना दरवर्षी नवी भेग देते. माती वेगळी, पण दुखणं एकाच जातीचं. जमिनीखाली काय आहे हे न बघता वर बांधत सुटायचं, हेच ते दुखणं.

आणि आता २०११. त्या वर्षी चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात भयंकर पूर आला. ८०० हून जास्त माणसं गेली. जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज ४६ अब्ज डॉलरच्या वर काढला. ऑक्टोबरमध्ये पाणी एआयटीच्या कॅम्पसमध्येही घुसलं, महिनाभराहून जास्त काळ राहिलं, ग्रंथालयाचं मोठं नुकसान झालं, वर्ग दुसरीकडे हलवावे लागले. जी संस्था जगाला पूरनियंत्रण शिकवते तीच बुडाली! आपल्याकडे असं झालं असतं तर तो विषय कोणी काढू दिला नसता. इथं तो अभ्यासाचा विषय आहे. पाणी कुठून आलं, का आलं, कुठला अंदाज चुकला, सगळं नकाशासकट मांडतात. मला तर इथल्या प्रयोगशाळांपेक्षा याचं जास्त कौतुक वाटलं.

पण त्या पुराची एक बाजू मला झोपू देत नाही. बँकॉकचा मध्यभाग वाचवायचा म्हणून उत्तरेला वाळूच्या प्रचंड पिशव्यांची भिंत घातली गेली. मध्यभाग बराचसा वाचला. पण भिंतीच्या अलीकडची वस्ती, त्यात हा पथुम थानीचा भागही आला, आठवडेच्या आठवडे पाण्यात राहिली. लोक चिडले, रस्त्यावर आले, काही ठिकाणी त्यांनी भिंतीच्या पिशव्या काढल्या. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने ती भिंत बरोबर असेलही. पण पाणी कोणाच्या दारात थांबवायचं हे कोणत्या फॉर्म्युल्याने ठरवायचं? मॅनिंगच्या समीकरणात 'गरीब' आणि 'श्रीमंत' असे दोन गुणांक नाहीत.

हा प्रश्न मला फार लांबचा वाटला नाही, कारण माझं घर यावल तालुक्यात आहे. आमच्याकडे पाण्याची गोष्ट उलटी, पण प्रश्न तोच. केळीला बारा महिने पाणी लागतं. विहिरी आटल्या, बोअर आले, बोअर खोल गेले. ज्याच्याकडे पैसा तो आणखी खोल जातो आणि शेजारच्याचा बोअर कोरडा पडतो. आप्पा परवा फोनवर म्हणाले, "तिकडे पानी लय पडते म्हन्तो? इकडे बोअर तासभर चालते आन् मंग हवा मारते." इथं जास्तीचं पाणी गरिबाकडे ढकलतात, तिकडे कमी पडलेलं पाणी गरिबाकडून ओढून घेतात. हिशेब एकच.

मग उपाय कोणाकडे आहे? तिसऱ्या आठवड्यात आम्हाला एक काम दिलं होतं. प्रत्येकाने आपल्या भागातली पाणी वाटण्याची जुनी पद्धत दहा मिनिटांत मांडायची. श्रीलंकेच्या मुलीने एकाखाली एक बांधलेल्या तळ्यांच्या साखळ्या सांगितल्या. नेपाळच्या मुलाने डोंगरातले कुलो. थाई मुलाने चिआंग माईकडची 'मुआंग फाई' पद्धत सांगितली. फाई म्हणजे बंधारा, मुआंग म्हणजे पाट. शेकडो वर्षं जुनी. गावकरी आपला पाटप्रमुख निवडतात, दरवर्षी बंधारा दुरुस्त करायला ज्याची जेवढी जमीन तेवढं श्रमदान. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, हे तर मामांच्या गावचं वर्णन चाललंय!

मी अर्थातच फडपद्धत मांडली. माहितीसाठी मामांना फोन लावला, ते तासभर बोलले. पांझरा, कान, मोसम या नद्यांवर कित्येक पिढ्यांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, त्याखालचं क्षेत्र तीन-चार फडांत वाटलेलं असतं. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, आणि दरवर्षी फेरपालट. पाणी शेतकरी स्वतः घेत नाही. ते द्यायला बारेकरी, पाटावर देखरेखीला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार. यातली खरी गंमत पुढे आहे. बहुतेकांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असते. पाणी कमी पडलं तर एक फड कोरडा ठेवायचा. म्हणजे टंचाई एका माणसावर पडत नाही, सगळ्यांवर सारखी वाटली जाते. वरच्याने भरपूर घ्यायचं आणि टोकाच्याने वाट बघायची, हा प्रकारच नाही. ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर, पण अख्ख्या वर्गाने मान डोलावली.

नंतर बांगलादेशच्या मुलाने साधाच प्रश्न विचारला, "तुमच्या कॉलेजपासून हे किती दूर आहे?" मी म्हटलं, बसने चार-पाच तास. "मग तुमच्या कॉलेजचे किती प्रोजेक्ट यावर झालेत?" माझ्या माहितीत एकही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आपल्या इंडस्ट्रियल व्हिजिटच्या बसेस गोव्याला जातात, हैदराबादला जातात. साक्रीला एकही जात नाही. सिंचनाच्या पेपरात फडपद्धत आली तर दोन मार्कांची टीप म्हणून येते, आणि ती पण ऑप्शनला टाकता येते!

याच मातीत एका इंजिनिअरने आपल्या नोकरीची सुरुवात केली होती. १८८४ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले, आणि अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक त्यांनी धुळ्याकडे पांझरेच्या खोऱ्यात केलं. ते काम होतं पाण्यासाठी नळाचा सायफन बांधण्याचं, तेही पावसाळ्यात. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. क्षेत्राचे गट पाडायचे, गटागटाने पाणी द्यायचं, पिकांची फेरपालट करायची. ही कल्पना फडाच्या किती जवळची आहे ते तुम्हीच बघा. १९०६ मध्ये सरकारने त्यांना पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची योजना करायला एडनला पाठवलं. म्हणजे खान्देशात शिकलेलं पाणी त्यांनी अरबस्तानच्या वाळवंटापर्यंत नेलं. दर १५ सप्टेंबरला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, भाषण होतं, समोसे येतात. पण ज्या नदीवर ते उभे राहिले ती बघायला आपण जात नाही.

आणि बघायला फक्त जुनंच आहे असंही नाही. शिरपूर तालुक्यात निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून नाले रुंद-खोल करून त्यावर बंधारे बांधले गेले. 'शिरपूर पॅटर्न' म्हणून तो महाराष्ट्रभर गाजला, त्यावर तज्ज्ञांमध्ये वादही झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या महापुनर्भरण योजनेसाठी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने करार केला. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथं सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात एकेक केळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठ-दहा बाहतला मिळतं, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. आप्पांना सांगितलं तर ते बराच वेळ बोललेच नाहीत. एका केळ्याला तो भाव कशामुळे मिळतो? तोडणीनंतरची हाताळणी, पिकवणं, थंड साखळी, पॅकिंग. हे सगळं मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि केमिकलवाल्यांचं काम आहे. धोकाही तसाच. मध्य अमेरिकेत पनामा रोगाने 'ग्रोस मिशेल' ही केळी १९५० च्या दशकात उद्ध्वस्त केली, त्याच रोगाचा नवा प्रकार २०१९ मध्ये कोलंबियात पोहोचला, आणि आपली ग्रँड नैन ही त्याला बळी पडणाऱ्या कॅव्हेंडिश गटातलीच. केळीचं अख्खं अर्थकारण एका जातीवर उभं आहे, हे कोणत्याही इंजिनिअरला भीतीदायक वाटायला हवं. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणजे आणखी काय असतं?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण प्लेसमेंटचं काय? इंटरव्ह्यूला 'थायलंड' ऐकून समोरचा हसला तर? रास्त शंका आहे. खोटं कशाला सांगू, इथं आल्याने पॅकेज वाढेल अशी कोणतीही हमी नाही. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळा बघून आलेल्याला इथल्या काही गोष्टी साध्या वाटतील. ज्याला चिप डिझाइन करायचं आहे त्याने जरूर तिकडेच जावं, माझा विरोध नाही. खर्च इथं कमी असला तरी तो शेतकऱ्याच्या घराला कमी नसतो. आमच्या घरी या सेमिस्टरसाठी पैसे काढताना ठिबकच्या नव्या नळ्या पुढच्या वर्षावर गेल्या. म्हणूनच मी रोज स्वतःला विचारतो की इथून काय न्यायचं. फोटो आणि सर्टिफिकेट नेलं तर तो व्यवहार तोट्याचा आहे. प्रश्न विचारायची पद्धत नेली तर कदाचित फायद्याचा.

आणि ती पद्धत अगदी साधी आहे. इथं कॉलेजच्या भिंतीबाहेर जे आहे तोच अभ्यासक्रम मानतात. कालवा, भातशेती, चिखल, पूर. दारातला कालवा म्हणजेच प्रयोगशाळा. ही गोष्ट शिकायला परदेशी जावंच लागतं असं नाही, पण परदेशी गेल्यावर आपलं गाव नकाशावर ठळक दिसायला लागतं, हे मात्र खरं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. आपल्याकडे तर पिकतं तिथं कोणी बघतही नाही.

म्हणून तीन सूचना करतो. पटल्या तर घ्या, नाहीतर लायब्ररीत हा अंक आहेच, वडापाव गुंडाळायला उपयोगी पडेल.

एक, परदेशी जायचा विचार करणाऱ्यांनी यादीत आपल्या कटिबंधातले देशही घाला. थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम, श्रीलंका. निदान सिव्हिल, अॅग्रिकल्चर आणि एन्व्हायर्न्मेंटवाल्यांनी तरी.

दोन, जायच्या आधी आठ दिवस खान्देश फिरा. पांझरेचे बंधारे, शिरपूरचे नाले, रावेरची केळीची पॅकिंग केंद्रं. एआयसीटीईच्या अभ्यासक्रमात आता इंटर्नशिपला क्रेडिट आहेत. ते फक्त पुण्याच्या कंपन्यांसाठीच राखीव आहेत असं कुठंही लिहिलेलं नाही. परदेशात गेल्यावर पहिला प्रश्न 'तुमच्याकडे हे कसं करतात?' हाच येतो, आणि त्याचं उत्तर गुगलवर मिळत नाही. ते मामांकडे मिळतं.

तीन, आणि ही आपल्या प्राध्यापकांना विनंती आहे, उलटी वाटही सुरू करा. परदेशी विद्यार्थ्यांना इकडे बोलवा. माझ्या वर्गातल्या चौघांना फड बघायचा आहे, खरंच सांगतो. मात्र त्यांनी यायच्या आधी आपल्या मुलांनी तो बघितलेला असावा, एवढीच अट. धरणं वर झाली, बोअर वाढले, ऊस-केळीची चढाओढ लागली आणि फड एकेक करून मोडत चालले आहेत. ज्या म्हाताऱ्या पाटकऱ्यांना सगळे नियम तोंडपाठ आहेत ते काही कायमचे राहणार नाहीत. या डिसेंबरच्या सुट्टीत मी परत येतोय. मामांनी गावातल्या तीन जुन्या पाटकऱ्यांना सांगून ठेवलंय. ज्यांना यायचं असेल त्यांनी टेप, लेव्हल आणि वही घेऊन या. जेवायची सोय मामी करतील.

– अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी